तीन खांब मागे

१

मी बसवलेला कॅमेरा हलत नाही. थोडी फुशारकी आहे यात, पण खोटं काही नाही. आमच्या कोचकोर गावच्या बाजारात कुणालाही विचारा, शेरगाझीचा चिमटा म्हणजे काय ते सांगेल.

लोकांना वाटतं, मोटरसायकलच्या हँडलला मोबाइल लावायचा त्यात काय मोठंसं? चिमटा आणला, स्क्रू आवळला, निघाले. मग इंजिनाच्या थरथरीने चित्र असं येतं की बघणाऱ्याचं डोकं गरगरावं, आणि महिन्याभरात मोबाइलचा कॅमेराही कामातून जातो. मी ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून दोन पदरी घालतो, मध्ये नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा तुकडा, त्यावर चिमटा. आवळताना शेवटचा अर्धा फेरा कानाने ऐकायचा असतो. पकड सैल नको, आणि घुसमटणारीही नको. बावीस वर्षं गाड्या उघडतोय मी, पकड मला हाताला कळते.

उन्हाळ्यात परदेशी पाहुण्यांना घाट चढवून सोंग-कोल तलावापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं, हा माझा धंदा. मी पुढे, पाहुणा मागे. माझ्या गाडीवर दोन कॅमेरे असतात. एक हँडलवर, पुढचा रस्ता बघणारा. दुसरा मागच्या कॅरिअरवर, तोंड मागे करून, पाहुणा दिसावा म्हणून. माणूस डोंगर नंतर बघतो, आधी स्वतःला बघतो. संध्याकाळी माझी बायको बुरुल स्वयंपाकघरात बसून ते तुकडे जोडते आणि पाहुण्याच्या हातात देते.

सगळ्यात भारी तुकडा येतो तो चढाच्या आधीच्या वळणावर. तिथे आमच्या भागाचं कबरस्तान आहे, मातीचे घुमट, त्यावर लोखंडी चंद्रकोरी, मागे उघडे डोंगर. पाहुणा वळणात झुकतो आणि मागे ते घुमट सरकतात. अडचण एकच. कबरस्तानावरून जाताना आमच्याकडे दोन्ही तळवे चेहऱ्यावरून खाली फिरवून ‘ओमीन’ म्हणतात. बसमधली सगळी माणसं एकदम करतात, ड्रायव्हरसकट, दोन्ही हात सोडून. पण मी हँडल सोडलं की गाडी डुलते, गाडी डुलली की चित्र गेलं. म्हणून यंदाच्या मोसमात मी तिथे ओमीन करणं सोडलं होतं. मनातल्या मनात म्हणायचो. कधीकधी तेही राहायचं.

आणि यंदा माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. माझी पोरगी सेझिम, नऊ वर्षांची, जूनपासून वर कुरणात, माझ्या आईजवळ. आईचा तंबू तलावाच्या पलीकडच्या काठाला आणि पाहुण्यांचे तंबू अलीकडे, त्यामुळे सबंध उन्हाळ्यात एकदाच भेट झाली. तिची एक खोड आहे. मी गाडीखाली वाकलेलो असलो की मागून येते, माझ्या पोटाला दोन्ही हातांचा वेढा घालते, बोटात बोटं अडकवते आणि म्हणते, “सोडव बघू.” त्या वेढ्याशिवाय घर खायला उठायचं. गेल्या साली तिला मेंढरांच्या ट्रकमधून खाली आणली, तर बाईसाहेब आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. यंदा शब्द दिला होता. तीस ऑगस्टला तिला मोटरसायकलवर माझ्यामागे बसवून आणायची, कॅमेऱ्यात ती दिसली पाहिजे, आणि एक सप्टेंबरला शाळा.

२

नऊ ऑगस्टला तोमेक नावाच्या पोलंडच्या पाहुण्याला वर नेलं. दोन दिवसांनी परतलो. संध्याकाळी मी ताटलीत पुलाव घेऊन बसलो होतो, खिडकीत ऊन होतं, किटली खदखदत होती. बुरुल लॅपटॉपशी.

“ही जमाल एजे ना?” तिने विचारलं.

चढाच्या पायथ्याशी घोडीचं आंबवलेलं दूध विकणारी म्हातारी. आम्ही सगळे तिला एजे म्हणतो, मोठी बहीण.

“तीच. मला हात करते रोज.”

“हात केला, पुढच्या कॅमेऱ्यात दिसतोय. पण नंतर काय करतेय ते ये बघ.”

मी ताटली घेऊनच उठलो. मागच्या कॅमेऱ्यात जमाल एजे लहान होत जात होती. मग तिने हातातली किटली खाली ठेवली आणि दोन्ही तळवे चेहऱ्यावरून खाली फिरवले. थोड्या वेळाने तोमेक तिच्याजवळून गेला, तर हसून त्यालाही हात केला.

“धूळ गेली असेल डोळ्यात,” मी म्हटलं.

“धूळ गाडीच्या लगेच मागे उडते, मिस्त्री. तू तीन खांब पुढे गेलायस.”

रस्त्याच्या कडेने विजेचे खांब आहेत, ते मोजून ती सांगत होती. मोजायची सवय तिला आहेच, शिवणकाम करते. तिने चित्र पुढे सरकवलं. घोड्यावरचा गुराखी. मी गेल्यावर तीन खांबांनी त्याने घोडा थांबवला आणि दोन्ही हातांनी ओमीन केलं. रस्ता दुरुस्त करणारा एक माणूस, त्याने फावडं काखेत धरून केलं. मेंढरांच्या वाड्याच्या भिंतीवर बसलेली दोन मुलं, त्यांनी एकदमच केलं. दर वेळी तीन खांब. आणि मी आणि तोमेक यांच्यामध्ये रस्ता मोकळा.

“कबरस्तान जवळ आहे की,” मी म्हटलं.

“कबरस्तान मागे राहिलं. आणि ही माणसं कबरस्तानाकडे बघत नाहीयेत.”

“मग कुठे बघतायत?”

“रस्त्यावर.”

तेवढ्यात लॅपटॉपमधून कुत्र्याचा आवाज आला. गुराख्याचं कुत्रं. आमच्याकडची कुत्री मोटरसायकल दिसली की पोटरीपर्यंत येतात. हे मात्र माझी गाडी गुपचूप जाऊ देत होतं. तीन खांब गेल्यावर मोकळ्या रस्त्याकडे तोंड करून भुंकलं, आणि भुंकता भुंकता मागे मागे सरकलं.

मी हसलो. खरंच हसलो. कॅमेऱ्याच्या घड्याळाचा घोटाळा असेल, दोन तुकडे उलटसुलट जोडले गेले असतील, असं काहीबाही बोललो.

“मी जोडलेलंच नाहीये अजून,” बुरुल म्हणाली.

तोमेकला देताना तिने तो भाग कापून टाकला.

३

सोळा तारखेच्या फेरीला दोन खांब झाले.

मी मुद्दाम नवं कार्ड घातलं होतं, कॅमेराही शेजाऱ्याचा मागून आणला होता. चिमटा मात्र माझाच. चित्र दगडासारखं स्थिर. हललं असतं, धूसर आलं असतं, तर म्हणायला जागा तरी राहिली असती. जमाल एजेचा अंगठासुद्धा मोजता येत होता. दोन खांब, आणि तिचे हात तोंडावर. मग गुराखी. मग एक अख्खी मोटार थांबलेली, आतले पाचही जण.

“एक कमी झाला,” बुरुल म्हणाली.

“काय कमी झाला? खांब काय चालतात का?”

“खांब नाही चालत.”

मी चिडलो. तुला उन्हाळाभर पडद्याकडे बघून भास व्हायला लागलेत, असं काहीतरी बोलून गेलो. ती उठली, चहा ओतला, माझ्यापुढे ठेवला. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

बावीस तारखेला मी जाताना सगळ्यांकडे डोळे फाडून बघितलं. आरशातही बघितलं. जमाल एजे हात करत होती, हसत होती, आरशात तशीच लहान होत गेली. कुणी तोंडावरून हात फिरवला नाही, शपथेवर सांगतो. परत येताना मी तिच्याकडे थांबलो.

“एजे, मी गेल्यावर तुम्ही ओमीन का करता?”

“मी? कुणासाठी रे?” तिने ओले हात दाखवले. “दिवसभर हात दुधात असतात माझे. डोक्यावर ऊन घेऊ नकोस, काढ ते हेल्मेट, मानेवर गार पाणी घालते.”

मी मोबाइल काढला, त्यात सोळा तारखेचा तुकडा होता. तिने डोळे बारीक करून बघितला. एकदा, मग परत एकदा. मग तिने ओला तळवा सगळ्या पडद्यावर ठेवला, झाकण ठेवावं तसा.

“ही मी नाही,” ती म्हणाली.

“तुमचाच रुमाल आहे डोक्याला.”

“रुमाल माझा आहे.” बराच वेळ तिने तळवा उचलला नाही. “शेरगाझी, खालच्या वळणावर ओमीन करतोस ना बाळा?”

“करतो की!”

इतक्या म्हाताऱ्या बाईशी खोटं बोललो, ते मला आजही लागतं. तिने मला दुधाचा वाडगा दिला, पण माझ्यासोबत बसली नाही. मी निघालो तेव्हा ती पाठ करून उभी राहिली होती.

संध्याकाळी बुरुलने बावीस तारखेचं चित्र लावलं. एक खांब. तिने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, “पोरीला ट्रकने आणू.”

“अजिबात नाही. शब्द दिलाय मी.”

“तिची समजूत मी काढेन.”

“तू तिची काढशील, माझी कोण काढणार? तीन महिने झाले, बुरुल.”

ती हळूच म्हणाली, “जे काही आहे ते आधी मिटव. मग आण.”

४

ठीक आहे, मिटवतो. जिथे चूक तिथे दुरुस्ती, एवढं सरळ असतं. मी ओमीन करत नव्हतो, आता करू. आणि अर्धवट कशाला, नीट करू.

सव्वीस तारखेला पाहुणा नव्हता. एकटाच निघालो. मागचा कॅमेरा लावला. पुढचा घरीच ठेवला होता, त्याचा चिमटा सेझिमसाठी उलटा बसवायचा होता, तोंड आमच्याकडे करून. वळणावर पोचलो आणि सबंध मोसमात पहिल्यांदा तिथे गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. हेल्मेट काढलं, हातमोजे काढले, घुमटांकडे तोंड करून उकिडवा बसलो. वडिलांचं नाव घेतलं, आजोबांचं घेतलं, ज्यांची नावं माहीत नाहीत त्यांच्यासाठीही म्हटलं. दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. वारा नव्हता. तापलेलं इंजिन थंड होताना टिकटिक करत होतं. तेवढाच आवाज.

मन हलकं झालं. खरंच झालं.

गाडीवर बसलो तेव्हा मागचं चाक जरा जास्त दबल्यासारखं वाटलं. मी उतरून हवा बघितली, हवा बरोबर होती. शॉक जुने झालेत, मोसम संपला की बदलू, असं ठरवलं आणि निघालो. चढाला गाडी नेहमीपेक्षा ओढत होती, पण एकटा असूनही मी सामानाच्या बॅगा बांधल्या होत्या, त्यांचं वजन असणार.

घरी येऊन बुरुलला म्हटलं, “लाव.”

तिने लावलं. जमाल एजे. एक खांब गेला, दोन गेले, तीन गेले. ती हात करत होती, हात खाली घेतले, कमरेवर ठेवले. संपलं. गुराखी, काही नाही. रस्त्यावरचा माणूस, काही नाही. कुत्रं गवतात पाठमोरं पडून राहिलेलं.

“बघ!” मी टेबलावर मूठ मारली. “मिटलं की नाही? अगं बोल काहीतरी!”

“मिटलं,” बुरुल म्हणाली. तिने डोक्याच्या रुमालाच्या टोकाने कपाळ पुसलं आणि हसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली ती. “गुलाबी हातमोजे घेऊन जा तिचे. वर गार असतं.”

तीनचा दोन झाला, दोनचा एक झाला, एकाचं काहीच उरलं नाही. हिशोब इतका सोपा होता, आणि आम्ही दोघं शहाणी माणसं त्यावर हसत बसलो होतो.

५

तीस तारखेला ऊन छान होतं. आईच्या तंबूपाशी गाडी लावली. सेझिम धावत आली, मला वाटलं आता पोटाला वेढा पडणार, पण ती आधी कॅमेऱ्याकडेच धावली.

“यात मी दिसणार?”

“तू आणि तुझा बाप, दोघं.”

“तू कशाला? तू तर काळं जॅकेट घालून मधेच असशील.”

आईने कढईतून काढलेली गरम बोरसोकं, तेलात तळलेल्या पिठाच्या वड्या, कापडात बांधून दिली. हात पुढे धरून प्रवासाचा आशीर्वाद दिला आणि शेवटी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. आशीर्वादानंतरही आमच्याकडे तसंच करतात, त्यात वावगं काही नव्हतं. फक्त ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. म्हातारीला हल्ली दूरचं नीट दिसत नाही.

मी सेझिमला म्हटलं, “घट्ट धर हं. सोडायचं नाही.”

गाडी सुरू झाली आणि पोटाशी तो वेढा पडला. काय सांगू तुम्हाला! तीन महिन्यांचा शीण उतरला. दोन्ही बाजूंनी हात आले, समोर एकमेकांत अडकले, आणि अशी पकड बसली की मी स्वतः बसवली असती तरी याहून नीट बसली नसती. पोरगी बापावर गेलीय, असं मनात म्हटलं. वळणावळणाला वेढा थोडा आवळायचा, सरळ रस्त्याला तसाच राहायचा. सैल एकदाही झाला नाही. जमाल एजेचं दुकान बंद होतं. कबरस्तानापाशी मी वेग कमी केला, एक हात सोडून ओमीन केलं. पोर मागे असताना दोन्ही सोडणं बरं नव्हे. तिथे वेढा इतका आवळला की माझा श्वास अडला.

“घाबरलीस का गं?” मी ओरडून विचारलं. वाऱ्यात उत्तर ऐकू आलं नाही.

६

घरी बुरुलने आधी पोरीची उंची मोजली, मग तिला मिठीत घेतली. सूप झालं, बोरसोकं झाली, आणि सेझिमचा हट्ट सुरू झाला, “माझं लाव, माझं लाव.” अजून बाहेर पुरता उजेड होता.

लावलं. चित्र सुंदर होतं. मध्ये मी, हेल्मेट आणि काळं जॅकेट, आणि डाव्या बाजूने सेझिमचं डोकं बाहेर डोकावतंय. हसतेय. मग तिने कॅमेऱ्याला दोन्ही हात केले. गुलाबी हातमोजे, दोन्ही.

“सेझिम! घाटात दोन्ही हात सोडलेस?” मी विचारलं.

“थोडा वेळच. मग परत धरलं ना.”

तिने परत धरलं. चित्रात दिसत होतं, हात मागे नेले आणि सामानाच्या बॅगेचा पट्टा धरला. पुढच्या वळणावर परत हात केले, परत पट्टा धरला. सबंध उताराभर तेच. बुरुल हसत होती. मी हसत नव्हतो. माझा हात आपोआप पोटावर गेला होता.

“थांबव,” मी म्हटलं.

चित्र थांबलं. गुलाबी हातमोजे वर, उन्हात. आणि खाली माझं जॅकेट. जॅकेटच्या दोन्ही बाजूंना काखेखालून चुण्या पडल्या होत्या, आत ओढलेल्या, पोटाच्या मधोमध येऊन मिळणाऱ्या. तिथे कापड दाबलं गेलं होतं. त्या कापडावर काही नव्हतं. चित्र जराही हललेलं नव्हतं, मीच बसवलेला चिमटा तो.

बुरुलची खुर्ची मागे सरकली. मी आवाज जमेल तितका साधा ठेवला.

“सेझिम, मी सांगितलं होतं ना घट्ट धरायला? माझ्या पोटाला का नाही धरलंस?”

तिचं तोंड भरलेलं होतं. तिने आधी घास गिळला.

“कुठे धरणार पापा? तुला आधीच धरलेलं होतं ना. मी म्हणून मागे सरकून बसले.”

७

गाडी मी झाकून ठेवलीय. चिमटे सगळे काढून खोक्यात भरले. मोसम तसाही संपलाच होता. मला विचाराल तर मी घाबरलेलो नाही. जेवतो, झोपतो, कुशीवर मात्र झोपत नाही. बुरुल माझ्यासमोर बसते, पाठीमागून जात नाही.

एक सप्टेंबरला सकाळी मी सेझिमला चालत शाळेत नेलं. पोरींच्या डोक्यांवर पांढऱ्या रिबिनी, हातात फुलं, फाटकात गर्दी. ओळखीचे लोक मला हात करत होते. मी कुणाकडेही पुढे गेल्यावर वळून बघितलं नाही. पोटाशी ती पकड होतीच, आत्ताही आहे, हे सांगतानाही. मी या कामातला माणूस आहे, मला कळतं. शेवटचा अर्धा फेरा बरोबर बसलाय. ही सैल होणारी नाही.

फाटकापाशी सेझिमने फुलं खाली ठेवली आणि दोन्ही हात पसरून माझ्याकडे आली, नेहमीसारखी, पोटाला वेढा घालायला. मी डोळे मिटून घेतले. वाट बघितली. काहीच झालं नाही, म्हणून उघडले.

ती हातभर अंतरावर थांबली होती. पसरलेले हात तसेच, कुठे ठेवावे ते तिला कळत नव्हतं. तिने माझ्या पोटाकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावरून मागे, वर, उंच माणसाचं तोंड असतं तिथे.

मग तिने ते दोन्ही तळवे आपल्या चेहऱ्यावरून खाली फिरवले, आजीने शिकवल्यासारखे नीट, फुलं उचलली आणि वर्गाकडे गेली.